क्रीटमध्ये वसंत डोंगर चढतो

क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर ॲनिमोनीची जांभळी-तांबडी फुलं मार्च संपायच्या आतच ओसरू लागतात. त्याच सुमारास, तिथून गाडीने दोन-तीन तासांवर, प्सिलोरितिस या बेटावरच्या सर्वांत उंच डोंगराचा 2,456 मीटरचा माथा पांढराशुभ्र असतो. एप्रिलमध्ये सात-आठशे मीटरवरच्या पठारांवर रानटी ट्युलिप उमलतात. मे उजाडला की हजार मीटरच्या वरचा भाग जागा होतो, आणि वितळत्या बर्फाच्या अगदी काठाला क्रोकसची फुलं जून लागेपर्यंत दिसत राहतात. समुद्रावरून निघालेला वसंत तिथे जवळजवळ तीन महिने डोंगर चढत असतो.

या बेटावरची वसंतातली सुट्टी आखताना बहुतेक जण प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन बसतात. माझा आग्रह असा की यादी नंतर करावी. आधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात: आपण नेमक्या कोणत्या आठवड्यात तिथे असणार, आणि त्या वर्षी ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी आहे. काय फुललेलं असेल, काय उघडं असेल, ताटात काय येईल आणि बोटीत जागा मिळेल का, हे सगळं या दोन गोष्टींवर ठरतं. महाराष्ट्रातल्या कुटुंबांना यात एक सोय आपसूकच मिळते. शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतात, आणि एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा मध्य हाच क्रीटच्या वसंताचा सर्वांत भरगच्च काळ आहे. विदर्भात पारा चाळिशी ओलांडत असतो तेव्हा हानिया शहरात दुपारचं तापमान वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास असतं.

क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 260 किलोमीटर, रुंदी कुठे साठ किलोमीटर, तर येरापेत्राजवळ जेमतेम बारा. लोकवस्ती सहा लाखांच्या थोडी वर. हानिया, रेथिम्नो आणि राजधानी इराक्लिओ ही मोठी शहरं उत्तर किनाऱ्यावर ओळीने वसलेली आहेत. दक्षिण किनारा मात्र उभ्या कड्यांचा, आणि तिथली काही गावं आजही फक्त बोटीने किंवा पायी गाठता येतात. मधोमध तीन पर्वतरांगा: पश्चिमेला लेफ्का ओरी म्हणजे श्वेत पर्वत, मध्ये प्सिलोरितिस, पूर्वेला दिक्ती. पाऊस आणणारी वादळं पश्चिमेकडून येतात, म्हणून बेटाचा पश्चिम भाग हिरवा आणि पूर्व टोक कोरडं. सह्याद्रीच्या दोन बाजू पाहिलेल्या माणसाला हा फरक नकाशावरून सुद्धा ओळखता येईल.

या हवामानाचं गणित आपल्या उलट आहे. तिथे पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते मार्च, आणि जून ते ऑगस्ट हे महिने जवळजवळ ठणठणीत कोरडे जातात. याचं एक कारण सर्वपरिचित आहे: उन्हाळ्यात उपोष्ण कटिबंधातला उच्च दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि अटलांटिकवरून येणाऱ्या पावसाळी वादळांची वाट अडते. दुसरं कारण मात्र थेट आपल्याशी जोडलेलं आहे. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी 1996 साली ते एका शोधनिबंधात मांडलं. भारतीय उपखंडावर मोसमी पाऊस पडताना वाफेचं पाणी होतं आणि प्रचंड उष्णता वातावरणात मोकळी होते. या उष्णतेमुळे वातावरणात ज्या लहरी निर्माण होतात, त्या पश्चिमेकडे पसरतात आणि पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली दाबली जाते. खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते, तिच्यात ढग धरत नाहीत. म्हणजे जुलैमध्ये महाबळेश्वरात आणि आंबोलीत जो पाऊस कोसळतो, त्याचा क्रीटच्या निरभ्र आकाशात वाटा आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दोन दूरच्या प्रदेशांचे ऋतू एकाच यंत्रणेचे भाग असू शकतात, हे तिच्यामुळे नीट कळतं.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एप्रिल-मे हा ओल्या आणि कोरड्या ऋतूंच्या मधला सांधा आहे. एप्रिलमध्ये अधूनमधून सर येते, मेमध्ये क्वचित. पण या सांध्यात एक पाहुणा येतो, त्याची तयारी हवी. लिबियाचा किनारा क्रीटपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे, आणि वसंतात दक्षिणेकडून सुटणारा वारा सहाराची धूळ घेऊन येतो. आकाश पिवळं-नारिंगी होतं, एप्रिलमध्येही तापमान एकदम तिशीवर उडी घेतं, आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या छोट्या बोटी बंद पडतात. एक-दोन दिवसांत सगळं निवळतं. दम्याचा त्रास असणाऱ्याने औषध जवळ ठेवावं, आणि दक्षिण किनाऱ्यावरून परतायचा बेत विमानाच्या आदल्या दिवशी कधीही ठेवू नये.

समुद्रात मनसोक्त डुंबणं हाच मुख्य हेतू असेल, तर वसंत हा त्याचा काळ नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पाणी तापायला जमिनीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. हवा उबदार झाली तरी एप्रिलमध्ये समुद्राचं पाणी सतरा अंशांच्या आसपास असतं आणि मेच्या अखेरीस कसंबसं विशीत पोहोचतं. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्या अंगाला ते चांगलंच झोंबतं. एलाफोनिसीचा गुलाबी छटेचा वाळूकिनारा किंवा बालोसचं निळं खाजण वसंतात पाहायला अप्रतिम आहे, गर्दीही कमी असते. पण पोहण्यासाठीच जायचं असेल तर सप्टेंबर निवडावा.

वसंतात जायचं ते फुलांसाठी. क्रीटवर सुमारे सतराशे-अठराशे जातींच्या वनस्पती नैसर्गिकरीत्या वाढतात, आणि त्यांतल्या साधारण दहा टक्के जगात इतर कुठेच सापडत नाहीत. याला दोन कारणं आहेत. सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी हे बेट मुख्य भूमीपासून तुटलं, तेव्हापासून इथल्या वनस्पतींचा वंश वेगळा वाढत राहिला. आणि बेटावरची प्रत्येक उंच पर्वतरांग, प्रत्येक खोल घळ ही स्वतःच एक बेट आहे. खालच्या उष्ण, कोरड्या जमिनीने ती शेजारच्या रांगेपासून तुटलेली असते. त्यामुळे काही फुलं एकाच डोंगरावर, काही एकाच पठारावर. सामारिया घळीच्या तोंडाशी असलेल्या ओमालोसच्या पठारावर साधारण एप्रिलमध्ये गुलाबी-जांभळी ट्युलिप शेतातून उभी राहतात. स्पिली गावाच्या वर, ग्युस काम्पोसच्या पठारावर एप्रिलमध्ये लाल ट्युलिपांनी शेतं भरून जातात आणि बाजूच्या गवतात ऑर्किडांच्या अनेक जाती सापडतात.

हे सगळं इतक्या घाईत का फुलतं, ते कासचं पठार पाहिलेल्या माणसाला लगेच पटेल. पातळ माती, थोडे दिवस टिकणारी ओल आणि पुढे लांब कोरडा काळ. कासवर ही घाई पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते, क्रीटवर हिवाळी पावसानंतर. क्रीटची अनेक फुलझाडं कंदाच्या रूपात जमिनीखाली उन्हाळा काढतात. ट्युलिप, ऑर्किड, सायक्लेमेन ही सारी त्याच जातकुळीतली. उरलेली वर्षायू आहेत, ती जूनच्या आत बी टाकून मोकळी होतात. मेच्या अखेरीस किनारपट्टीवर पोहोचणाऱ्या माणसाला पिवळं गवत आणि वाळलेले देठ दिसतील. त्याने निराश न होता गाडी वर न्यावी. हवेत दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली संपलेला ऋतू वर अजून चालू असतो.

ऑर्किडांसाठी थोडा वेळ हाताशी ठेवा. क्रीटवर त्यांच्या साठाहून अधिक जाती आहेत, आणि त्या डोळ्यांत भरणाऱ्या नाहीत. वीतभर उंचीचं झाड रस्त्याकडेच्या गवतात सहज पायाखाली येतं. ओफ्रिस या वंशातलं फूल जवळून पाहावं. त्याची एक पाकळी मखमली, तपकिरी, मादी मधमाशीच्या पाठीसारखी दिसते. फूल तेवढ्यावर थांबत नाही, ते मादीच्या गंधाशी जुळणारी रसायनंही सोडतं. नर माशी मीलनाच्या आशेने त्यावर उतरते, तिच्या डोक्याला परागांचा गठ्ठा चिकटतो आणि ती पुन्हा तशाच दुसऱ्या फुलावर फसते. फुलात मधाचा थेंबही नसतो. गुडघे टेकून एक फूल दहा मिनिटं पाहण्यात जो आनंद आहे, तो चार किनारे पालथे घालण्यात नाही. फुलं तोडू नयेत आणि कंद उपटू नयेत, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

आता ईस्टर. ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरची तारीख जुन्या जुलियन पंचांगानुसार काढतं. वसंतसंपात 21 मार्चला धरायचा, त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पण हा 21 मार्च जुन्या पंचांगातला, म्हणजे आजच्या दिनदर्शिकेत 3 एप्रिल. पौर्णिमेची सारणीही जुनीच. त्यामुळे हा सण 4 एप्रिल ते 8 मे यांच्या दरम्यान कधीही येतो आणि पाश्चात्त्य ईस्टरपासून कधी आठवडाभर, तर कधी महिनाभराहून अधिक दूर पडतो. 2026 मध्ये तो 12 एप्रिलला, 2027 मध्ये 2 मे रोजी आणि 2028 मध्ये 16 एप्रिलला आहे. चंद्रावर चालणाऱ्या सणांची सवय असलेल्या आपल्याला ही ओढाताण समजणं अवघड नाही. मोबाइलमधलं इंग्रजी कॅलेंडर मात्र बहुधा पाश्चात्त्य ईस्टर दाखवतं, आणि तिथेच बेत चुकतो.

ग्रीसमध्ये ईस्टर हा नाताळापेक्षा मोठा सण आहे. शहरात राहणारी माणसं आपापल्या गावी परततात. कोकणात गणपतीला जाणाऱ्या गाड्या जशा भरतात, तशा अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सुटणाऱ्या रात्रीच्या बोटी आणि अथेन्सची विमानं त्या आठवड्यात भरतात. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी फुलांनी मढवलेला एपिताफिओस, म्हणजे ख्रिस्ताची प्रतीकात्मक तिरडी, गावातून मिरवतात. शनिवारी मध्यरात्री चर्चचे दिवे मालवतात. मग एका ज्योतीवरून दुसरी मेणबत्ती, तिच्यावरून तिसरी पेटत जाते आणि सगळं अंगण उजळतं. क्रीटच्या गावांमध्ये याच रात्री चर्चसमोर लाकडांचा मोठा ढीग रचून त्यावर ख्रिस्ताशी दगा करणाऱ्या ज्यूडासचा पुतळा जाळतात. ढिगासाठी लाकडं जमवायचं काम मुलांचं. आपल्याकडे होळीला जी मुलं दारोदार लाकडं मागत फिरतात, त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फटाके दणकून वाजतात; लहान मूल बरोबर असेल तर थोडं लांब उभं राहावं. रविवारी प्रत्येक अंगणात कोकरू भाजतं आणि लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडतात. अनोळखी माणसालाही हाक मारून बसवून घेतात. त्याला नकार देऊ नये. कोकरू खात नसाल तर अंडं, चीज आणि पाव घेऊन बसावं.

या आठवड्यात जाणाऱ्याने एवढं मात्र ध्यानात ठेवावं की सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वीय स्थळं ईस्टरच्या रविवारी बंद असतात. 25 मार्च या राष्ट्रीय दिनी आणि 1 मे रोजीही ती बंद. गुड फ्रायडेला दुपारी उघडतात. 2027 मध्ये 1 मे आणि ईस्टर लागोपाठ आहेत, म्हणजे सलग दोन दिवस क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचं दार बंद. उलट ईस्टरच्या आधी गेलात, तर समुद्रकाठची नुसती पर्यटकांसाठी असलेली अनेक हॉटेलं हिवाळ्यातून उठलेलीच नसतात. ती साधारण एप्रिलमध्ये, बऱ्याचदा ईस्टरच्या सुमारास उघडतात. मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जायचं तर हानिया, रेथिम्नो किंवा इराक्लिओ अशा बारमाही जागत्या शहरात मुक्काम करावा.

शाकाहारी मराठी माणसासाठी ईस्टरआधीचे सात आठवडे म्हणजे पर्वणी आहे. ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, अंडी, दूध-चीज आणि मासे वर्ज्य असतात, म्हणून खानावळींत उपवासाच्या पदार्थांची वेगळी पाटी लागते. भाताने भरलेली द्राक्षाची पानं, ऑलिव्ह तेलात शिजवलेले आर्टिचोक आणि पावट्याच्या कुळातल्या शेंगा, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचा टोमॅटोतला रस्सा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण. इथे एकच खाच आहे. या उपवासाला रक्त नसलेले मानले गेलेले समुद्रजीव चालतात. त्यामुळे ऑक्टोपस, कालवं, कोळंबी उपवासाच्या पाटीवर बिनदिक्कत असतात. विचारूनच मागवावं. दुसरी खाच भाताची. लग्नात करतात तो क्रीटचा प्रसिद्ध पांढरा, मऊसूत पुलाव आता खानावळींतही मिळतो. दिसायला अगदी सात्त्विक, पण तो मटणाच्या रश्श्यात शिजवतात.

वसंतातल्या ताटाचा खरा मानकरी म्हणजे रानभाज्या. हिवाळी पावसानंतर बायका हातात सुरी आणि पिशवी घेऊन माळावर फिरतात आणि कडवट पाल्याच्या कितीतरी जाती खुडून आणतात. त्या नुसत्या उकडायच्या, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. स्तामनागाथी ही काटेरी झुडपातली कोवळी चिकोरी त्यांतली सर्वांत नावाजलेली. पहिल्या पावसानंतर टाकळा आणि कुर्डू शोधणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही चव परकी वाटणार नाही. शेळ्या-मेंढ्यांना हिवाळ्यात करडं-कोकरं होतात, म्हणून वसंतात दुधाचा सुकाळ असतो आणि मिझिथ्रा हे ताजं, मऊ चीज सर्वोत्तम मिळतं. बार्लीच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा, तेल आणि ओरेगानो घालून केलेला डाकोस रोज खाल्ला तरी कंटाळा येत नाही. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी 1958 मध्ये सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीटमधले शेतकरीही होते, आणि त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण फार कमी आढळलं. भूमध्य आहाराची जगभरची कीर्ती बऱ्याच अंशी तिथून सुरू झाली. ते जेवण गरिबीचं होतं: पाला, कडधान्य, बार्ली, भरपूर तेल आणि क्वचित मांस. आज पर्यटकांच्या ताटात जे मोठाले मांसाचे थर येतात, त्याच्याशी या कीर्तीचा काही संबंध नाही.

चालणाऱ्यांसाठी सामारियाची घळ. ओमालोसच्या पठारावर सुमारे बाराशे मीटर उंचीवरून वाट सुटते आणि सोळा किलोमीटर उतरून आगिया रुमेली या समुद्रकाठच्या गावात संपते. सर्वांत अरुंद जागी दोन्ही कड्यांमध्ये जेमतेम चार मीटर अंतर उरतं आणि भिंती तीनशे मीटर उंच जातात. 1962 मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला, तेव्हा आतल्या सामारिया गावातली माणसं बाहेर वसवली गेली. त्यांची रिकामी दगडी घरं वाटेत लागतात. क्री-क्री ही रानशेळी इथे दिसते. घळ साधारणपणे 1 मे ते ऑक्टोबरअखेर उघडी असते. वसंतात बर्फाचं पाणी ओढ्यातून धावत असतं आणि दरडी सैल असतात, म्हणून उघडायची तारीख हवामान पाहून पुढे ढकलली जाते, आणि पाऊस असेल त्या दिवशी फाटक बंद राहतं. पाच ते सात तास उतार आहे. उतार म्हणून सोपा समजू नये. दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात. शेवटच्या गावाला मोटाररस्ता नाही, बोटीने स्फाकिया किंवा सुगिया गाठून तिथून बस धरायची, म्हणून संध्याकाळच्या बोटीची वेळ सकाळी निघण्याआधीच पाहून ठेवावी. एप्रिलमध्ये गेलेल्यांनी किंवा ज्यांना एवढं चालवत नाही त्यांनी इम्ब्रोसची आठ किलोमीटरची घळ घ्यावी. मे 1941 मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरल्यानंतर माघार घेणारं दोस्तांचं सैन्य याच बाजूने स्फाकियाच्या बंदराकडे गेलं.

प्राचीन अवशेषांबद्दल थोडक्यात. क्नोसोसचा राजवाडा आर्थर एव्हान्स यांनी 1900 पासून खणला; त्याआधी 1878 मध्ये मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक माणसाने तिथे पहिलं उत्खनन केलं होतं. एव्हान्स यांनी काँक्रीट वापरून खांब आणि मजले उभे केले, त्यामुळे तिथे प्राचीन किती आणि विसाव्या शतकातलं किती हे पटकन कळत नाही. म्हणून इराक्लिओचं पुरातत्त्व संग्रहालय आधी पाहावं, क्नोसोस नंतर. तिकीट ऑनलाइन काढताना प्रवेशाची वेळ निवडावी लागते. सकाळची पहिली निवडा. फाइस्तोसच्या राजवाड्याची अशी पुनर्बांधणी झालेली नाही, आणि मला तोच जास्त आवडतो: खाली मेसाराचं हिरवं मैदान, उत्तरेला बर्फाळ प्सिलोरितिस. 1908 मध्ये इथे सापडलेली, गोल चक्रात चिन्हं उमटवलेली मातीची तबकडी अजून कुणाला वाचता आलेली नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात आपले मराठा लष्करी गडकिल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच अधिवेशनात क्नोसोस आणि फाइस्तोससह क्रीटच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीची सहा राजवाडा-केंद्रंही त्या यादीत आली.

फिरण्याचं म्हणाल, तर दहा दिवसांत सगळं बेट पालथं घालायचा हट्ट सोडावा. सांतोरिनी आणि मिकोनोस ही बेटं त्याच सहलीत कोंबण्याचा तर मुळीच करू नये. इराक्लिओला उतरून चार-पाच दिवस मध्य भागात काढावेत, मग हानियाला मुक्काम हलवून तिथूनच परतीचं विमान धरावं. दोन्हीकडे विमानतळ आहेत. अथेन्सहून विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येतं, किंवा पिरेयसहून रात्री बोट धरून पहाटे उतरता येतं. उत्तर किनाऱ्यावरच्या शहरांमधली बससेवा उत्तम आहे. फुलं आणि पठारं पाहायची तर मात्र गाडी लागते. त्यासाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्यावा. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, आणि मुख्य महामार्गावर मागचा वेगाने आला की पुढचा अर्धी गाडी कडेच्या पट्ट्यावर घेऊन त्याला वाट देतो. ही पद्धत आधी माहीत असली की दचकायला होत नाही. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, हवी असेल तर लवकर नोंदवा. हॉटेलच्या भाड्याखेरीज दर खोलीमागे दर रात्री सरकारी हवामान-शुल्क द्यावं लागतं. ते एप्रिल ते ऑक्टोबर या काळात जास्त असतं आणि बहुधा हॉटेलातच भरायचं असतं. संध्याकाळी गारवा असतो, स्वेटर घ्यावा.

व्हिसा शेंगेनचा लागतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, आणि प्रवासविम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं हवं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून स्वीकारतात, निर्णयाला साधारण पंधरा दिवस आणि काही वेळा पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागतात. एप्रिलच्या अखेरीस निघायचं असेल तर ही खिडकी ऑक्टोबरच्या अखेरीस उघडते. उन्हाळी सुट्टीसाठी मुंबईत अर्ज करणाऱ्यांची रांग फेब्रुवारी-मार्चमध्ये लागते. तुम्ही दिवाळी झाली की लगेच अपॉइंटमेंट घ्या.